गिरणीच्या भिंतीवरचा कागद : गावाचं राजकारण घरापर्यंत कसं आणायचं

साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठच्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. महिला राखीव जागेवरून एक टर्म मी ग्रामपंचायत सदस्य होते. पुढे निवडणूक लढवली नाही, पण गिरणीच्या भिंतीवर दर महिन्याला एक कागद लावायला लागले. त्यावर त्या महिन्याचा गावाचा एक प्रश्न असतो. शेजारच्या गावांतल्या बचत गटाच्या ताया विचारतात की हे कसं करायचं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

"आम्हाला राजकारणात रस नाही" असं म्हणणारी बाई दळण होईपर्यंत नळाचं पाणी, रेशनचा तांदूळ, न येणारी एसटी आणि कापसाचा भाव याच विषयांवर बोलत असते. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी खुर्चीवरचा माणूस, कुठल्यातरी तारखेला, कुठल्यातरी कागदावर ठरवत असतो. ती खुर्ची, ती तारीख आणि तो कागद तिला दाखवायचा. पक्ष, नेते, सभा, झेंडे हे सगळं त्यानंतर.

आपल्या भागात हे नवीन नाही. पांझरेवरची फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं, पाणी कोणाला कधी ते गावाने मिळून ठरवायचं. पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार. पाणी कमी असलं तर एखादा फड पडीत ठेवायचा. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे तोटा एकट्याच्या माथी येत नसे. पाळी कोणाची, तोटा कोणी सोसायचा, नियम मोडला तर काय करायचं, हे आपले आजोबे-पणजोबे बंधाऱ्यावर बसून ठरवत होते. आज तेच निर्णय ग्रामपंचायतीच्या खोलीत होतात आणि आपण तिथे नसतो.

जागा आणि वेळ

वेगळी बैठक बोलावू नका. बैठक म्हटली की खुर्च्या येतात, खुर्च्या आल्या की पुढे कोण बसणार हा प्रश्न येतो, आणि बाया मागे भिंतीला टेकून उभ्या राहतात. लोक जिथे आधीच थांबलेले असतात तिथे जा. गिरणी, दूध डेअरी, अंगणवाडीची सुटायची वेळ, बचत गटाचा हप्ता भरायचा दिवस. जागा निवडताना मी एकच गोष्ट बघते : गावातली प्रत्येक जात, प्रत्येक वस्ती तिथे न बिचकता येते का? कुठल्या पुढाऱ्याचा ओटा नको. मंदिराचा ओटाही नको, कारण काही घरांतल्या बाया तिथे बसत नाहीत आणि का बसत नाहीत हे गावाला माहीत असतं.

वेळेचा विचार जास्त करा. दिवाळीच्या पुढे-मागे कापूस वेचणीला बाया सकाळी जातात त्या दिवस मावळताना येतात. तेव्हा दुपारी ठेवलेल्या कार्यक्रमाला रिकामी माणसं येतात, कामाची येत नाहीत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा झोक्याखाली कोणी पाणीपट्टीवर बोलणार नाही, बोलूही नये. श्रावणात कानबाईच्या सणाआधीचा आठवडा मात्र चांगला. नैवेद्याच्या रोटांच्या दळणाला सगळी घरं येतात, आणि प्रत्येकीला थोडं थांबावंच लागतं.

बोलायचं अहिराणीत. कागद मराठीत लिहिते, कारण तो पुढे ग्रामपंचायतीत द्यायचा असतो, पण मोठ्याने वाचून सांगते अहिराणीत. "नळले पानी कव्हय येई?" असं विचारलं की साठीची बाईसुद्धा उत्तर देते. "पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाबाबत आपले मत काय?" असं विचारलं की ती सुनेकडे बघते.

कागदावर एकच प्रश्न

मोठ्या अक्षरात एक प्रश्न, त्याखाली तीन ओळी : हे कोण ठरवतं, कधी ठरवतं, कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं. खाली रिकामी जागा आणि दोरीला बांधलेला पेन. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वतीने शाळेतली मुलं लिहितात.

प्रश्न निवडण्यात खरं कौशल्य आहे. "गावाचा विकास का होत नाही?" हा प्रश्न कागदावर कधीच लावू नका. त्याला कोणीही उत्तर देऊ शकत नाही आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. "वरच्या गल्लीत पाणी खालच्या गल्लीपेक्षा कमी वेळ का येतं?" याला उत्तर असतं. आमच्याकडे हा प्रश्न लागला तेव्हा आधी सगळ्यांचं म्हणणं होतं की अमक्या सदस्याने मुद्दाम पाणी तोडलंय. मग वरच्या आणि खालच्या गल्लीतल्या बायांनी आपापल्या घरी पाणी आलं कधी आणि गेलं कधी ते लिहून आणायला सुरुवात केली. कोणी कॅलेंडरच्या चौकटीत लिहिलं, कोणी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने. ते एकत्र मांडल्यावर दिसलं की दोन्ही गल्ल्यांचे वॉल्व्ह एकाच वेळी उघडले जातात, त्यामुळे चढावर पाणी पोचेपर्यंत टाकी उतरलेली असते. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, वेळापत्रकच कधी कोणी बनवलं नव्हतं. गल्ल्यांच्या पाळ्या वेगळ्या कराव्यात, हा ठराव मासिक सभेत झाला. पाणी सोडणाऱ्या भाऊंनाही बरं वाटलं, कारण रोजच्या शिव्या त्यांनाच खाव्या लागत होत्या.

आरोप करण्याआधी मोजायला लावा. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरवलेलं आहे. घरात सहा माणसं असतील तर ३३० लिटर. हंडे मोजून बाया हा हिशेब झटकन करतात, आणि एकदा हिशेब केलेल्या बाईला "पाणी भरपूर येतं" असं कोणी ऐकवू शकत नाही. गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या गावच्या समितीत कोणत्या महिला आहेत हे विचारा. काही गावांत त्या महिलांनाच माहीत नसतं की आपलं नाव यादीत आहे.

कुठली खुर्ची

चुकीच्या दारात जाऊन परत आलेला माणूस पुन्हा कुठल्याच दारात जात नाही, म्हणून हे पाठ करा. नळ, गटार, गल्लीतला दिवा, घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद : ग्रामपंचायत. प्राथमिक शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी : जिल्हा परिषद, आणि तिच्या कामासाठी तालुक्याची पंचायत समिती. रेशन : तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा. सात-बारा आणि पीक नुकसानीचा पंचनामा : तलाठी, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. तसंच ग्रामसेवकाचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी या नावाने ओळखलं जातं. कागदावर नवं नाव लिहा, बोलताना कोणतंही चालेल. एसटीची फेरी : तालुक्याचं आगार.

रेशनचं मी दरवर्षी एकदा भिंतीवर लावतेच. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत. एवढ्या दोन ओळी लिहिल्या की दुकानात उगाच वाद होत नाहीत, कारण दुकानदारालाही ठाऊक असतं की समोरच्या बाईने गिरणीवर वाचलंय.

शाळेची व्यवस्थापन समिती हे माझ्या मते गावातलं सगळ्यात सोपं दार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. निवडणुकीचा खर्च नाही, पॅनेल नाही. मुलीच्या शौचालयाला कडी नाही, हा विषय मांडताना बाईचा आवाज आपोआप वर जातो, कारण ती स्वतःच्या लेकीबद्दल बोलत असते. ज्यांना पुढे ग्रामपंचायतीत उभं राहायचंय त्यांना मी आधी एक वर्ष या समितीत काढायला सांगते.

पैसा कुठून येतो, कुठे जातो

"आम्हना पैसा कथा ग्या?" (आमचा पैसा कुठे गेला?) हा प्रश्न गिरणीवर रोज येतो. याला रागाने नाही, कागदाने उत्तर द्यायचं.

ग्रामपंचायतीकडे ढोबळ मानाने दोन प्रकारचे पैसे असतात. एक वरून येणारे, दुसरे आपण भरलेली घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी यांतून जमणारे. वरून येणाऱ्यांत वित्त आयोगाचा निधी मोठा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. ती सभागृहाच्या फरशीवर खर्च करता येत नव्हती. हे माहीत असेल तर गटार तुंबलेलं असताना "निधीच नाही" हे उत्तर ऐकून कोणी मुकाट घरी जाणार नाही.

आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचं गणित तर प्रत्येक घराला यायला हवं. स्वनिधीतले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला ४ लाख आहे. म्हणजे ४० हजार बायका-मुलांचे, ६० हजार मागासवर्गीय वस्तीचे, २० हजार दिव्यांगांचे. कागदावर हे तीन आकडे लिहा आणि खाली विचारा : मागच्या वर्षी यातून काय घेतलं? मी सदस्य असताना पाहिलंय, वर्ष संपत आलं की मार्चमध्ये घाईघाईने काहीतरी खरेदी होते. बायांनी डिसेंबरमध्येच सांगितलं की अंगणवाडीला पाण्याची टाकी हवी, तर मार्चमध्ये टाकी येते. नाहीतर कोणाला नको असलेल्या वस्तू येतात.

हे बघायला पंचायतीत जाऊन कोणाची मर्जी सांभाळायची गरज नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो. बारावीतली मुलगी हे मोबाईलवर काढून देते. आम्ही खर्चाची यादी कागदावर उतरवून घेतो आणि मग गावात फिरून बघतो : इथे लिहिलेलं गटार प्रत्यक्षात आहे का, केवढं आहे, किती लांब आहे. पावलांनी मोजतो. यादी हातात घेऊन चार बाया गल्लीतून चालल्या की लोक ओट्यावरून उतरून सोबत येतात. माझ्या मते हा सगळ्या कामातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी एकदा तरी ही फेरी काढावी. घरपट्टीचा उतारा म्हणजे नमुना ८, पंचायतीचं अंदाजपत्रक म्हणजे नमुना १, रोकड वही म्हणजे नमुना ५. बोलताना हे नंबर घेतले की समोरचा कर्मचारी नीट बसून उत्तर देतो.

ग्रामसभेची तयारी

ग्रामसभेचा सदस्य कोण? गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण. निवडून आलेले लोक तिथे उत्तर द्यायला असतात. पण इथेच आपल्या सुना बाहेर राहतात. लग्न होऊन आली, मुलं झाली, पण नाव अजून माहेरच्या यादीत. मग ती इथल्या ग्रामसभेत बोलणार कशी? नाव इकडे आणायला नमुना ८ चा अर्ज भरायचा (हा निवडणुकीचा नमुना, घरपट्टीचा वेगळा). नवीन मतदारांसाठी नमुना ६. आता वर्षातून चार तारखांना पात्रता धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेली मुलंही आगाऊ अर्ज करू शकतात. गावात नवी सून आली की महिनाभरात तिची लग्नपत्रिका, आधार आणि एक फोटो घेऊन आम्ही अर्ज भरतो. सासूबाईंना मी सांगते, "जिजी, सुनेचं नाव इकडे आलं की तुमच्या घराचं एक मत वाढलं." त्या लगेच तयार होतात.

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना माहीत आहेत. साधारण सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. नोटीस लागली की तिचा फोटो काढा आणि विषयपत्रिका भिंतीवर लावा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे, आणि तिच्यातले ठराव ग्रामसभेपुढे यायला हवेत. ही महिला सभा कागदावरच होऊ देऊ नका. तारीख विचारा, वेळ विचारा, दहा जणी का असेना, जाऊन बसा.

गणपूर्ती नीट समजून घ्या. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत. दोन हजार मतदारांच्या गावात १००, पाचशेच्या गावात ७५. तेवढी नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी गाव घरी बसलं तर दुसऱ्या वेळी मोजकी माणसं वर्षाचे निर्णय घेऊ शकतात आणि ते कायदेशीर असतात. मी हे सांगते तेव्हा गिरणीत शांतता होते. मग कोणीतरी विचारतं, "ताई, पहिली सभा कधी से?"

सभेत काय बोलायचं ते घरून ठरवून जा. चार गोष्टी एका दमात : विषय, ठिकाण, मागणी, मुदत. "सरपंच ताई, मारुती गल्लीच्या तोंडावरचा दिवा दोन महिने बंद आहे, मुली क्लासवरून अंधारात येतात, तो गणपतीच्या आधी बसवावा आणि हे प्रोसिडिंगला लिहावं." एवढं बोलून खाली बसायचं. जुनी भांडणं, कोणी कोणाला मत दिलं, कोणाच्या भावाने काय केलं, यातलं काहीही नाही. पहिल्यांदा बोलणाऱ्या बाईच्या शेजारी दुसरी बसवा, म्हणजे मध्येच कोणी तोडलं तर शेजारची म्हणेल, "त्यांचं पूर्ण होऊ द्या." आम्ही गिरणीवर याचा सराव करतो. एक जण सरपंच होते, एक ग्रामपंचायत अधिकारी, आणि बाकीच्या मध्ये मध्ये गोंधळ घालतात. जी या गोंधळात बोलू शकली ती कुठेही बोलू शकते.

"हे प्रोसिडिंगला लिहावं" हे वाक्य विसरू नका. प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त. तोंडी आश्वासन सभेच्या मंडपातच राहतं. ठराव क्रमांक विचारून घ्या. हजेरीच्या वहीवर सही सभेतच करायची, घरी फिरवून आणलेल्या वहीवर कधीच नाही.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत. गावची सदस्य बाई असेल तर प्रश्न तिलाच विचारा, तिच्या नवऱ्याला नाही. नवरा दारात आला तरी म्हणायचं, "भाऊ, वहिनींशी बोलायचंय." सुरुवातीला ती घाबरते. गावाने तिच्याकडेच जायचं ठरवलं की ती शिकते. मी अशीच शिकले, गल्लीतल्या बाया हट्टाने माझ्याकडेच यायच्या म्हणून.

दिल्लीचं राजकारण गिरणीत

लांबच्या गोष्टींनाही हीच रीत लागू पडते. आपल्याकडे कापूस म्हणजे घराचं वर्ष. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० होता. तो ठरवतं केंद्र सरकार, कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून. त्याच वर्षी केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या वेळी बाहेरचा कापूस शुल्काशिवाय देशात येत होता. हे दोन आकडे आणि दोन तारखा कागदावर लावल्या की बाजूला वर्तमानपत्राचा अग्रलेख लावायची गरज नसते. व्यापाऱ्याने काय भाव दिला ते लोक स्वतःच खाली लिहितात.

आणि मग हे विचारायचं कोणाला? आमचा साक्री तालुका धुळे जिल्ह्यात, पण लोकसभेला नंदुरबार मतदारसंघात. कित्येकांना हे ठाऊक नसतं आणि ते धुळ्याच्या खासदाराच्या नावाने बोलत राहतात. आधी आपला मतदारसंघ नीट माहीत करून घ्या. खासदार लोकसभेत कोणते प्रश्न विचारतात हे संसदेच्या संकेतस्थळावर बघता येतं. वर्षातून एकदा ती यादी काढून भिंतीवर लावा. त्यात कापूस आहे का, कांदा आहे का, एवढं लोक बघतात.

मोठ्या राजकारणाने खेड्यात यावं ही गोष्ट आपल्या मातीत एकदा घडलेली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन खानदेशातल्या फैजपूरला भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. आधी अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले. शाळेतल्या मुलांना मी हे सांगते आणि नकाशात फैजपूर शोधायला लावते.

पश्चिमेकडे डोंगरात गेलात तर ग्रामसभेची ताकद आणखी मोठी आहे. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागात, १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि राज्याचे नियम २०१४ चे. तिथे पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. साक्री तालुक्यातल्याच बारीपाड्याने गावाने मिळून जंगल राखलं. ते काम पुढे नेणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या गटाची एक सहल तिकडे काढा. तिथले नियम कोणी केले आणि मोडणाऱ्याला काय होतं, हे तिथल्याच माणसांच्या तोंडून ऐकू द्या.

पक्ष आणि भाऊबंदकी

कागदावर कोणाचं नाव नाही, कोणाचं चिन्ह नाही. निवडणूक लागली की उमेदवाराचं पोस्टर गिरणीत लागत नाही, माझ्या सख्ख्या चुलतभावाचंही लावलेलं नाही. पण उमेदवारांना मी बोलावते. सगळ्यांना, एकाच दिवशी नाही, वेगवेगळ्या दिवशी. लोकांनी वर्षभरात लिहिलेले प्रश्न वाचून दाखवते आणि उत्तरं त्यांच्या नावासह वहीत उतरवून घेते. ही वही निवडून आलेल्यालाही दाखवायची, हरलेल्यालाही. हरलेला माणूस पुढची पाच वर्षं चांगला प्रश्न विचारणारा होऊ शकतो, त्याला तोडू नका.

भांडण पेटलं तर प्रश्न बदलू नका, माणसं बदला. ज्या विषयावर दोन भावकींचं जमत नाही, त्या विषयाची मोजणी दोन्ही घरांतल्या मुलींना मिळून करायला द्या. आमच्याकडे स्मशानाच्या रस्त्याचं माप अशाच दोन मुलींनी घेतलं. त्यांच्या बापांचं बोलणं बंद होतं. पण माप एकच निघालं, आणि ते दोन्ही बापांनी मान्य केलं.

सभेनंतर

ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही. ठराव क्रमांक, तारीख आणि मुदत नव्या कागदावर लिहा आणि तो मुदतीपर्यंत काढू नका. मुदत संपली तरी काम नाही, तर ग्रामपंचायतीला साधं पत्र द्या आणि पोच घ्या. तरीही उत्तर नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज : दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जात "का केलं नाही" असं विचारू नका. "ठराव क्रमांक अमुकवर झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्याव्यात" असं मागा. कारणं टाळता येतात, कागद टाळता येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं वेगळं ध्यानात ठेवा. दसरा-दिवाळीला ती गुजरातकडे आणि दक्षिणेकडे निघतात. पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा २ ऑक्टोबरनंतरच्या महिन्यांतच ठरतो, आणि २६ जानेवारीच्या सभेला ती माणसं उसाच्या फडावर असतात. म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांच्या वस्तीवर संध्याकाळी जा. चूल पेटलेली असेल, बाया भाकरी थापत असतील, तिथेच बसून विचारा : परत आल्यावर वस्तीत काय झालेलं दिसायला हवं? मुलांची राहायची सोय, रस्ता, हातपंप, जे असेल ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यांच्यापैकीच कोणाला तरी तो अर्ज वाचायला लावा. निघायच्या आधी पोच घेतलेल्या अर्जाची एक प्रत त्यांच्या ट्रंकेत, एक गिरणीत.